लाल डोळा, बुबुळावरचा व्हायरस आणि मेडिकलमधून आणलेला ड्रॉप

मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुमचा नंबर काढणारी आणि डोळ्यात थेंब टाकून "बसा बाहेर अर्धा तास" म्हणणारी जी बाई असते ना, ती. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण पेशंट घरी काय काय उद्योग करून आलाय ते सगळ्यात आधी माझ्याच कानावर येतं. त्यातला एक उद्योग इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी म्हटलं एकदा नीट बसून लिहावंच.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले. उजवा डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. अकरा दिवस झाले होते. "मेडिकलमधून ड्रॉप घेतला होता मॅडम, पहिले दोन दिवस एकदम भारी वाटलं, लाली गेली की, मग परत धूसर व्हायला लागलं." मी फ्लुरोसीनची (जखम चमकवून दाखवणाऱ्या रंगाची) केशरी पट्टी सलाईनच्या थेंबात ओली करून पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला, आणि बुबुळाच्या मधोमध हिरवंगार चमकलं. हा हर्पिस नावाच्या व्हायरसचा आजार, त्यात सुरुवातीला झाडाच्या फांदीसारखी बारीक रेघ दिसते. काकांच्या डोळ्यात फांदी कुठली, अख्खं बेट झालं होतं. खिशातली बाटली मागितली, भिंगाखाली धरून बारीक अक्षरं वाचली: अँटिबायोटिक, आणि त्याच्या खाली डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड.

लाल डोळ्यात स्टेरॉइड पडलं की सूज उतरते, लाली उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि ज्या सैनिकांनी व्हायरसला अडवून धरलं होतं तेच झोपी गेल्यामुळे व्हायरस आत मोकाट सुटतो. गंमत अशी की हेच स्टेरॉइड या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात डॉक्टर स्वतः लिहून देतात आणि तेव्हा ते आपल्या मनाने बंद केलं तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे "स्टेरॉइड वाईट" एवढंच पाठ करून उपयोग नाही, आपला डोळा कुठल्या टप्प्यावर आहे ते कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच.

आधी बुबुळ म्हणजे नक्की काय ते बघू

आपण घरात सगळ्या काळ्या भागालाच बुबुळ म्हणतो. त्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, आणि इथे बुबुळ म्हणजे तोच. मधोमध जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, त्यात पाच थर, रक्तवाहिनी एकही नाही (म्हणून तर आरपार दिसतं) आणि नसा मात्र इतक्या दाट की धुळीचा कण गेला तरी आपण नाचतो. या नसा चेहऱ्याच्या संवेदनेच्या मोठ्या नसेतून येतात, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, व्हायरस तिथेच लपतो.

बुबुळाला त्रास देणारे व्हायरस मुख्यतः तीन: हर्पिस सिम्प्लेक्स, नागिणीचा व्हायरस (हाच लहानपणी कांजिण्या देतो), आणि डोळ्यांच्या साथीतला ॲडिनोव्हायरस. लहान मुलांमध्ये गोवरही बुबुळाला धरतो, विशेषतः मूल कुपोषित असेल तर, आणि तिथे व्हिटॅमिन ए चे डोस हा उपचाराचाच भाग असतो, ते चुकवायचे नाहीत.

घरी पहिल्या दिवशी काय करायचं

पहिलं म्हणजे हात साबणाने धुवा आणि आरशात बघा, एक डोळा लाल आहे की दोन्ही. साथीचे डोळे बहुतेक वेळा एका डोळ्यात सुरू होऊन दोन-चार दिवसांत दुसऱ्यात जातात, घरात अजून कोणाला तरी असतातच, कानापुढे गाठ दुखते. हर्पिस बहुतेक करून एकाच डोळ्याला धरतो आणि तिथेच ठाण मांडतो. अपवाद आहेत (लहान मुलं, जुनी ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले), पण एकच डोळा आठवडाभर लाल आहे आणि घरात दुसऱ्या कोणाला काही नाही, तर ते "डोळे आले" म्हणून सोडून द्यायचं नाही.

मग एक-एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, चष्मा असेल तर चष्मा लावून. ही टेस्ट कोणी करत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो आणि दुसरा धूसर झालाय हे आठ-आठ दिवस कळत नाही. नजर धूसर, उजेड खुपणं, किंवा बुबुळावर पांढरट ठिपका, यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि हो, दुखत नाहीये म्हणून थांबू नका. हर्पिसमध्ये बुबुळाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे डोळा दिसतो भयंकर आणि पेशंट म्हणतो तसं फार दुखत नाही हो.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि फेकू नका, डबीसकट दवाखान्यात आणा. लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना अकँथअमीबा नावाचा परजीवी होऊ शकतो आणि सुरुवातीला तो हुबेहूब हर्पिससारखा दिसतो, फक्त दुखतं मरणाचं. तसंच उसाचं पातं लागलंय, कडब्याचं कूस गेलंय, मळणीच्या वेळी काही उडालंय, असं काहीही असेल तर ते आधी सांगा. शेतातल्या इजेनंतर बुबुळावर बुरशी वाढते आणि तिचं औषध पूर्ण वेगळं.

आणि काय टाकायचं नाही: मध, गुलाबजल, एरंडेल, लिंबू, तूप, बाळंतिणीचं दूध. हे सगळं मी पापणीच्या कडेला चिकटलेलं स्वतः पाहिलंय. मागच्या वेळचा उरलेला ड्रॉप नको, शेजारणीचा तर नकोच. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन किंवा डायफ्लुप्रेडनेट यातलं एकही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांनी या वेळच्या त्रासासाठी लिहून दिलं नसेल तर झाकण उघडू नका. स्वच्छ पाण्याची गार पट्टी वरून ठेवा, गॉगल घाला, बास. आधीच टाकून बसला असाल तर बाटली सोबत घेऊन या, कोणी ओरडत नाही, पण लपवलंत तर डोळा बघून आमचा अंदाज चुकतो.

तपासणीत काय होतं

आधी अक्षरं वाचून घेतो. मग हनुवटी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर. कापसाचं टोक पिळून बारीक वात करतो आणि ती बाजूने आणून बुबुळाला हळूच टेकवतो. चांगला डोळा पटकन मिटतो, हर्पिसवाला नुसता बघत राहतो, कधी कधी पेशंट विचारतो "लावलं का?" ही टेस्ट सुन्न करायचा थेंब टाकायच्या आधी करायची असते, नवीन पोरं गडबडीत आधी थेंब टाकतात आणि मग दोन्ही डोळे बधिर. त्यानंतर फ्लुरोसीन आणि निळा दिवा. फांदी फुटलेली हिरवी रेघ आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला मोहरीहून बारीक गाठ, असं दिसलं की डॉक्टरांना बाकी फार काही लागत नाही. शंका असेल तर बुबुळावरून थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, कधी पीसीआरला, म्हणजे व्हायरस ओळखणाऱ्या टेस्टला पाठवतात. डोळ्याचं प्रेशरही बघायचंच, कारण या व्हायरसने ते वाढतं.

रक्ताची हर्पिस टेस्ट स्वतःहून करून येऊ नका, मोठेपणी बहुतेक लोकांच्या रक्तात ती पॉझिटिव्हच येते, त्यावरून डोळ्याचं काही कळत नाही.

इथे एक आडवं बोलते. "हर्पिस" शब्द ऐकला की लोक बाहेर जाऊन मोबाईलवर शोधतात, तो लैंगिक आजार आहे असं वाचतात आणि मग घरात नवरा-बायकोत संशयाचं नाटक सुरू. अहो, डोळ्यातला हा बहुतेक वेळा टाइप १ असतो, लहानपणी कोणा मावशी-आत्याने गालाचा पापा घेतला तेव्हा आलेला, तेव्हा कळलंही नसेल. मग तो ट्रायजेमिनल नसेच्या गाठीत जाऊन वर्षानुवर्षं झोपतो. ताप आल्यावर काहींच्या ओठावर पाण्याचे फोड येतात ना, तोच हा. ओठाच्या वाटेने न येता डोळ्याच्या वाटेने आला एवढंच.

हर्पिसचा पहिला टप्पा: वरच्या थरावरची फांदी

इथे व्हायरस जिवंत आहे, पेशी खातोय, म्हणून अँटिव्हायरल द्यायचं आणि स्टेरॉइड अजिबात नाही. साधारणपणे असायक्लोविर ३ टक्के डोळ्यांचं मलम दिवसातून ५ वेळा, किंवा गॅन्सिक्लोविर ०.१५ टक्के जेल ५ वेळा आणि जखम भरल्यावर ३ वेळा आठवडाभर. कधी मलमाऐवजी गोळ्या, असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, आठवडा-दहा दिवस. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून ते आणि गरोदरपण दोन्ही आधी सांगा, आणि गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्या. हे डोस वाचून स्वतः दुकानात जाऊ नका, तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते तसं का लिहिलंय हे समजावं म्हणून सांगतेय.

पाच वेळा म्हटलं की लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत उरकून टाकतात. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११, असे मोबाईलवर गजर लावा. मलम लावायची पद्धत अशी: मान मागे, खालची पापणी खाली ओढायची की खिसा तयार होतो, त्यात साधारण १ सेंटिमीटरची बारीक रेघ सोडायची, नळीचं तोंड डोळ्याला किंवा पापणीला टेकवायचं नाही, डोळा मिटून एक-दोन मिनिटं बसायचं. नंतर धूसर दिसणार, घाबरू नका, लगेच गाडी चालवू नका. अँटिव्हायरलसोबत दुसरा ड्रॉप असेल तर आधी ड्रॉप, पाच मिनिटं थांबून मग मलम, उलट केलं तर थेंब मलमावरून घसरून गालावर.

जखम बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत भरते. मलम त्यापुढे आपल्या मनाने महिनाभर ओढायचं नाही, ते स्वतःच बुबुळाच्या वरच्या थराला त्रास द्यायला लागतं, आणि मग व्हायरसची जखम कुठली आणि औषधाची कुठली हे कळेनासं होतं.

एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. व्हायरसवर औषधच नसतं असं डॉक्टर मंडळी मानायची, तेव्हा १९६२ साली डोळ्यांचे डॉक्टर हर्बर्ट कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडिन या औषधाचे थेंब याच आजारावर यशस्वी करून दाखवले. म्हणजे व्हायरसच्या औषधांची गाडी सुरुवातीला याच बुबुळावरून पुढे गेली. असायक्लोविर नंतर आलं, त्या कामातल्या गरट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

दुसरा टप्पा, जिथे लोक गोंधळतात

काही जणांना महिन्यांनी किंवा वर्षांनी परत डोळा लाल होतो, पण या वेळी निळ्या दिव्यात फांदी दिसत नाही. बुबुळाच्या आतल्या थरात धुकं असतं, किंवा मधोमध गोल चकतीसारखी सूज. इथे त्रास व्हायरसपेक्षा आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे जास्त होत असतो, ते व्हायरसवर चिडून बुबुळाचा चुरा करतं. त्यामुळे स्टेरॉइडचे थेंब द्यावे लागतात, सोबत अँटिव्हायरलचं संरक्षण ठेवून. अमेरिकेतल्या हर्पेटिक आय डिसीज स्टडीत १९९० च्या दशकात हे तपासलं गेलं, आणि आतल्या थराच्या सुजेत अँटिव्हायरलसोबत स्टेरॉइड दिलेल्यांचा आजार लांबायचा किंवा वाढायचा धोका ६८ टक्क्यांनी कमी झाला.

पण हे थेंब हळूहळूच उतरवायचे असतात, दिवसातून सहा, मग चार, मग तीन, असं आठवडे-महिने. काही पेशंटना वर्षानुवर्षं आठवड्यातून दोन थेंबांवर ठेवतात. एक ताई दिवाळीला माहेरी गेली, बाटली सासरी राहिली, आठ दिवसांनी आली तेव्हा बुबुळ दुधी काचेसारखं. आणि मजा बघा, हिला मेडिकलमध्ये गेल्यावर कोणीतरी सांगितलं होतं, "हे स्टेरॉइड आहे, जास्त टाकू नका." तिथे चिठ्ठीशिवाय मिळतंही आणि चिठ्ठी असताना भीतीही घालतात!

स्टेरॉइड चालू असेपर्यंत डोळ्याचं प्रेशर दर भेटीत मोजून घ्या, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

परत परत होतं, त्याचं काय

नसेतला व्हायरस मारणारं औषध आजही नाही, झोपवून ठेवता येतो फक्त. त्याच स्टडीत ७०३ पेशंटवर वर्षभर असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा देऊन बघितलं, तर वर्षात आजार उलटायचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत १०० त ३२ आणि घेणाऱ्यांत १९ झालं. फायदा सगळ्यात जास्त कोणाला, तर ज्यांना आतल्या थराचा त्रास आधी झालाय त्यांना. म्हणून एकदा फांदी येऊन गेलेल्या प्रत्येकाला वर्षभर गोळी देत नाहीत, आणि ज्यांना देतात त्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून तिसऱ्या महिन्यात बंद करू नये.

मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा घालवायचं लेझर, काहीही करायचं असेल तर "मला पूर्वी या डोळ्यात हर्पिस झाला होता" हे वाक्य न विसरता सांगायचं, पंधरा वर्षांपूर्वी झालेला असला तरी. ऑपरेशनच्या धक्क्याने तो जागा होतो, आधी गोळ्या सुरू केल्या तर सांभाळता येतं.

नागीण

कपाळावर, पापणीवर, डोक्याच्या एकाच बाजूला आग होऊन दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड. आपल्याकडे नागीण उतरवणारे असतात, गेरू नाहीतर काव फासतात, मंत्र घालतात, आणि "विळखा पूर्ण झाला की माणूस जातो" ही भीती घरोघर. विळखा पूर्ण होत नाही, कारण हा व्हायरस एकाच बाजूच्या एकाच नसेच्या हद्दीत राहतो, मधली रेघ सहसा ओलांडत नाही. नागीण आपोआप "उतरते" ती आपल्या शरीराच्या प्रतिकारामुळे, मंत्रवाल्याचं नाव होतं आणि बुबुळ मात्र जातं.

नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला असेल तर सावध व्हा, शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्यात जाणारी नस एकाच फांदीची. गोळ्या पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा किंवा व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम ३ वेळा, साधारण ७ दिवस. डोस हर्पिसच्या दुप्पट आहे हे बघून लोक "डॉक्टरने चुकून लिहिलं" म्हणून निम्मा करतात, करू नका. ७२ तास उलटून गेले तरी डोळ्याजवळ असेल तर जायचंच. फोड सुकल्यावर सुद्धा आठवड्यांनी बुबुळ, प्रेशर, आतली सूज यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून चेहरा बरा दिसला तरी डोळ्याची तारीख चुकवू नका. पन्नाशीच्या पुढे दोन डोसची लस भारतात २०२३ पासून मिळते, महाग आहे, पण वडिलांच्या कपाळावरची नागीण ज्याने पाहिलीय तो घासाघीस करणार नाही. तरुण माणसाला डोळ्यावर नागीण आली तर डॉक्टर शुगर आणि एचआयव्ही तपासायला सांगतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

साथीचे डोळे आणि नंतरचे ठिपके

२०२३ च्या जुलैत आळंदीपासून जी साथ सुरू झाली ती आठवत असेल. साथ एन्टेरोव्हायरस नावाच्या दुसऱ्या एका व्हायरसची असली तर बहुधा आठवड्यात उरकते. ॲडिनोची असली तर मात्र आठवडा-दोन आठवड्यांनी, लाली गेल्यावर, बुबुळावर नाण्यासारखे बारीक ठिपके उमटतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटून दिसतात. हे ठिपके महिनोन्महिने राहतात. ॲडिनोवर नेमकं अँटिव्हायरल नाही, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, ठिपक्यांमुळे नजर फारच त्रास देत असेल तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात पण बंद केल्यावर ठिपके परत येऊ शकतात, म्हणून थोडक्यात असेल तर वाट बघणंच बरं. डोळ्यात डोळे घालून बघितल्याने साथ लागत नाही, गॉगल आपल्याला उजेड खुपू नये म्हणून असतो. लागते ती हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, मोबाईल यातून, आणि या व्हायरसला सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी जास्त भरवशाचं. दोन आठवडे टॉवेल वेगळा.

फूल पडल्यावर

जखम भरली तरी मधोमध पांढरा डाग राहिला, म्हणजे ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात, तर आधी नंबर नीट काढून बघतात, कधी खास कडक कॉन्टॅक्ट लेन्सने बरंच सुधारतं. बुबुळ बधिर राहिलं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब सतत, कारण बधिर डोळा पापणी कमी मिटतो आणि कोरडा पडून परत जखम होते.

त्यानेही भागलं नाही तर नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवतात. पहिलं यशस्वी बुबुळरोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरात केलं होतं. हर्पिसच्या पेशंटला एक जास्तीची अट असते, डोळा निदान सहा महिने शांत हवा, लाल डोळ्यात घाईने बसवलं तर ते टिकत नाही. आणि बदललेलं बुबुळ नवीन असलं तरी नस जुनीच, व्हायरस तिथेच झोपलेला, म्हणून ऑपरेशननंतर गोळ्या बरेच महिने चालू ठेवाव्या लागतात.

आमच्या काकांना अजून तिथपर्यंत जावं लागलेलं नाही. बेट भरायला पाच आठवडे लागले, बाजूला फूल राहिलं, उजव्या डोळ्याने चष्मा लावून खालून तिसरी ओळ वाचतात. प्रत्येक भेटीत त्या जुन्या ड्रॉपची रिकामी बाटली पिशवीत असते. परवा विचारलं, काका टाकून का देत नाही हो? तर म्हणाले, नाव पाठ होत नाही ना.